सीबीटीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी: सांगली-मिरजेत ती कशी मागावी आणि तिचे पुढे काय करावे

सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केल्यापासून जत-आटपाडीचेच नव्हे, तर कर्नाटकातलेही लोक औषधपाण्यासाठी मिरजेची वाट धरत आले आहेत. गुडघ्याला कोण, हृदयाला कोण, मूतखड्याला कोण हे स्टेशनबाहेरचा रिक्षावालाही न अडखळता सांगतो. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी किंवा मराठीत बोधात्मक वर्तनोपचार, करणारी व्यक्ती कुठे भेटेल हे मात्र त्याला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही ते चटकन आठवत नाही. घरातल्या एका व्यक्तीसाठी मी ही वाट शोधली, तेव्हा चार महिने गेले. त्यातले तीन महिने तज्ज्ञ मिळत नव्हते म्हणून गेले नाहीत. डॉक्टरांकडे नेमके काय मागायचे हेच आम्हांला ठाऊक नव्हते म्हणून गेले. आम्ही "टेन्शन येतंय, झोप लागत नाही" एवढेच सांगत राहिलो आणि त्याला साजेशी उत्तरे, म्हणजे झोपेची गोळी, एखादे इंजेक्शन आणि "जास्त विचार करू नका" हा सल्ला, मिळत राहिली. संध्याकाळी सात वाजता बाहेर तीस रुग्ण ताटकळत असताना कोणताही डॉक्टर याहून वेगळे काही करू शकला असता, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे थेरपिस्टकडे जाण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी कायद्याने बंधनकारक नाही. फोन करून थेट वेळ घेता येते. तरीही चिठ्ठीच्या वाटेने जावे असे मी सुचवतो, आणि त्याचे मुख्य कारण शरीर हे आहे. थायरॉइडचे काम वाढले की छातीत धडधड, घाम, हातांना कंप आणि अस्वस्थता सुरू होते. तेच काम मंदावले की सुस्ती येते, रडू येते, कशातच मन लागत नाही. हिमोग्लोबिन उतरले असेल किंवा ब-१२ कमी असेल, आणि शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी असते, तर थकवा आणि चिडचिड यांचे मूळ तिथेही असू शकते. थेरपिस्ट रक्त तपासत नाहीत. ते काम डॉक्टरांचे. दुसरे कारण असे की ओळखीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हातात असला की पुढच्या दवाखान्यात आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

कोण कोण असते

चिठ्ठी मागण्याआधी ती कोणाच्या नावे हवी हे समजून घ्यावे, कारण बोलीभाषेत सगळ्यांनाच "मानसोपचारवाले" म्हटले जाते. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. निदान आणि औषधे हा त्यांचा प्रांत आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषधे देत नाहीत. मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार हे त्यांचे काम. या पदवीसाठी मानसशास्त्रात एमए झाल्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल आणि त्यात रुग्णांबरोबर देखरेखीखाली केलेले काम ही आतापर्यंतची रूढ वाट राहिली आहे, आणि अशा व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि थेरपिस्टना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. "समुपदेशक" या शब्दाची व्याप्ती मात्र फार मोठी आहे: उत्तम प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही समुपदेशक असते आणि चार शनिवार-रविवारचा वर्ग करून पाटी लावलेली व्यक्तीही. मनोविकारतज्ज्ञांपैकी काही जण स्वतः सीबीटी करतात. बहुतेकांना ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ देता येत नाही.

सीबीटी हे सर्वसाधारण समुपदेशनाचे इंग्रजी नाव नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी नैराश्यावर काम करताना ही पद्धत मांडली. त्याच्या थोडे आधी अल्बर्ट एलिस यांनी तिच्या जवळची विवेकनिष्ठ पद्धत, आरईबीटी, सुरू केली होती, जी महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजली आहे. त्यामुळे एखाद्या थेरपिस्टनी "मी आरईबीटी करते" असे सांगितले तर ती त्याच घराण्यातली पद्धत आहे हे ध्यानात घ्यावे आणि केवळ नाव वेगळे म्हणून परत फिरू नये.

सीबीटीचे काम कसे चालते हे सांगलीच्याच उदाहरणाने सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा गावात शिरले. त्यानंतर पाऊस लागला की दिवसातून वीस वेळा मोबाईलवर पाणीपातळी पाहणारी, रात्री दोनला उठून पुन्हा पाहणारी माणसे नदीकाठच्या गल्ल्यांत आहेत. पातळी पाहिली की दहा मिनिटे बरे वाटते, मग शंका परत येते, मग पुन्हा पाहावे लागते, आणि प्रत्येक वेळी मन एवढेच शिकते की "पाहिले म्हणून वाचलो." सीबीटीत हे चक्र आधी कागदावर मांडले जाते: कोणता प्रसंग, मनात कोणता विचार, शरीरात काय झाले, मग आपण काय केले. त्यानंतर पाहण्याच्या वेळा ठरवून कमी केल्या जातात, भीती तपासण्याची आधी सोपी आणि मग अवघड अशी पायऱ्यांची यादी केली जाते, आणि घरी करण्याचा अभ्यास दिला जातो. पुराची भीती खोटी आहे असे थेरपिस्ट म्हणत नाहीत. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, तेव्हा कागदपत्रांची पिशवी भरून ठेवणे हे शहाणपणच आहे. १८ फुटांवर जागून काढलेली रात्र हा उपचाराचा विषय असतो. मात्र पुराचे प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे उभे राहत असतील, त्याची स्वप्ने पडत असतील, तर ते वेगळ्या शब्दांत डॉक्टरांना सांगावे, कारण आघातानंतरच्या त्रासासाठी सीबीटीचा निराळा प्रकार वापरला जातो.

नैराश्य, अतिचिंता, पॅनिक अॅटॅक, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, लोकांत मिसळण्याची भीती आणि जुनाट निद्रानाश यांवर ही पद्धत चांगली अभ्यासली गेली आहे. ओसीडीसाठी तिचा ईआरपी नावाचा, म्हणजे भीतीला सामोरे जाऊन सवयीची कृती रोखण्याचा, आणि निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाचा प्रकार आहे. त्रास यांपैकी एखादा असेल तर त्या प्रकाराचे नाव चिठ्ठीत असावे, कारण सर्वसाधारण सीबीटी येणाऱ्या प्रत्येकाला ईआरपी येतेच असे नाही.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

एका कागदावर, एकाच बाजूला मावेल एवढे, लिहून न्यावे. त्रास केव्हा सुरू झाला, आठवड्यातून किती वेळा होतो, किती वेळ टिकतो, त्यामुळे कोणती कामे सुटली, आणि आतापर्यंत कोणती औषधे किती दिवस घेतली, एवढे पुरते. "टेन्शन" हा शब्द मात्र त्या कागदावर येऊ देऊ नये. आपण भीतीलाही टेन्शन म्हणतो, दुःखालाही, रागालाही आणि कर्जाच्या हप्त्यालाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. "मार्केट यार्डात गर्दी झाली की छाती धडधडते, मरणार असे वाटते, दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, जूनपासून नऊ वेळा झाले, दोनदा ईसीजी काढला आणि तो नॉर्मल आला, आता हळदीच्या सौद्याला जाणेच बंद केले आहे" या एका वाक्यात डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते.

याला जोडून दोन छोट्या प्रश्नावल्या भरून नेता येतात. पीएचक्यू-९ मध्ये नैराश्याविषयी नऊ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७ पर्यंत येतात. जीएडी-७ मध्ये चिंतेविषयी सात प्रश्न असतात आणि गुण ० ते २१ पर्यंत येतात. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते, दोन्ही विनामूल्य आहेत, आणि दोन्हींत १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञांनी नीट तपासावे असे मानले जाते. गुण म्हणजे निदान नव्हे. पण रक्तदाबाच्या आकड्याप्रमाणे हा आकडा डॉक्टरांना झटकन कळतो आणि तीन महिन्यांनी तुलना करायलाही उपयोगी पडतो.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर "अजिबात नाही" सोडून दुसरे काही असेल, आणि विशेषतः कसे करायचे हे मनात येऊ लागले असेल, तर चिठ्ठी, थेरपिस्ट, पुढच्या आठवड्याची वेळ हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, १०८ ला फोन करावा, घरातल्या एका माणसाने सतत सोबत राहावे आणि शेतीची औषधे व गोळ्यांचा साठा घराबाहेर हलवावा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून मिळते. पोलिसांच्या भीतीने पूर्वीचा प्रयत्न डॉक्टरांपासून लपवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, उलट सिद्ध झाले नाही तर, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही, तेव्हा हे लपवण्याचे कारण नाही.

डॉक्टरांशी बोलताना

सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नये. कंपाउंडरला आधी फोन करून "गर्दी नसताना दहा मिनिटे हवी आहेत" असे सांगितले तर दुपारच्या शेवटच्या वेळेत बहुधा जागा मिळते. सोबत कोण असावे याचाही विचार करावा. सासू, नवरा किंवा वडील यांच्यासमोर जे बोलता येणार नाही ते तपासणीच्या खोलीत बोलता यावे म्हणून "डॉक्टर, मला पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे" हे वाक्य दाराबाहेरच मनाशी तयार ठेवावे. चांगले डॉक्टर ते ऐकून बाकीच्यांना बाहेर बसायला सांगतात.

कागद पुढे केल्यावर मागणी स्पष्ट शब्दांत करावी: "शारीरिक कारण नाही ना, हे तपासून घ्या. नसेल तर मला सीबीटी करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा आधी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या." यावर तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात. "एवढं काही नाही, फिरायला जा" असे आले तर कोणती कामे सुटली आहेत ती कागदावरून पुन्हा वाचून दाखवावीत. "माझ्या माहितीत असे कोणी नाही" असे आले तर नाव नसलेली चिठ्ठी मागावी. तीही चालते, व्यक्ती आपण शोधू शकतो. "आधी महिनाभर ही गोळी घ्या" असे आले तर ती कोणत्या वर्गातली आहे हे विचारावे. नैराश्य-चिंतेवर रोज घ्यायच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात आणि त्या सीबीटीबरोबर चालतात. अल्प्राझोलामसारख्या तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्या मात्र थोड्याच दिवसांसाठी असतात, त्यांची सवय लागते, आणि भीतीला सामोरे जाण्याच्या उपचारात त्या आड येऊ शकतात. अशी गोळी बरेच महिने चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्यावी.

चिठ्ठीत काय असावे हे आपण नम्रपणे सुचवू शकतो. लेटरहेडवर, तारखेसह, साधारण एवढा मजकूर पुरेसा होतो: "वय ४२, सात महिन्यांपासून वारंवार पॅनिक अॅटॅक व गर्दी टाळणे. ईसीजी, टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, साखर, ब-१२ तपासले; अहवाल सोबत. सध्या चालू औषधे अशी. जीएडी-७: १५. आत्महत्येचे विचार नाहीत. सीबीटीसाठी मूल्यमापन व उपचार करावेत, सहा सत्रांनंतर कळवावे ही विनंती." शेवटचे वाक्य आवर्जून लिहून घ्यावे, कारण त्यामुळे डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्यात निरोपांची ये-जा सुरू होते, जी आपल्याकडे क्वचितच होते. "सायकियाट्री ओपिनियन" एवढेच दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी आम्हांला पहिल्यांदा मिळाली होती. तिच्यावर गोळ्या मिळाल्या, थेरपी मिळाली नाही, आणि मागितली तेच मिळाले याबद्दल तक्रार करायला जागा उरली नाही.

चिठ्ठी घेऊन कुठे

खर्च परवडत नसेल तर सरकारी वाट आधी पाहावी. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. त्याचे मिरजेतील रुग्णालय आणि सांगलीतील पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, दोन्हीकडे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या वारी कुठे असते हे खिडकीवरच विचारून घ्यावे. तिथे डॉक्टरांना दाखवताना "विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, आणि सीबीटीची सत्रे मिळतील का" हे स्वतःहून विचारावे, कारण न विचारता ते सुचवले जाईलच असे नाही. शिराळा, जत, कवठेमहांकाळ अशा लांबच्या तालुक्यांतील लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाच्या भेटीची तारीख विचारावी. एसटीचे दोन हेलपाटे वाचू शकतात. सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि शिराळा-वाळव्याकडच्यांना कराडचे कृष्णा रुग्णालयही सोयीचे पडते.

खासगी थेरपिस्ट निवडताना पहिल्या फोनवरच चार-पाच गोष्टी विचाराव्यात. सीबीटीचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले? या प्रकारच्या त्रासावर पूर्वी काम केले आहे का? सत्र किती मिनिटांचे, शुल्क किती, ऐनवेळी रद्द झाले तर काय? घरी करण्याचा अभ्यास देता का? सुधारणा कशी मोजता? शेवटच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर आले नाही, किंवा "आमची स्वतःची वेगळी पद्धत आहे, दोन बैठकींत बरे करतो" असे आले, तर ती व्यक्ती भली असेलही, पण ती सीबीटी नव्हे. सीबीटी बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते तासभर, आणि सर्वसाधारणपणे सहा ते वीस सत्रे चालते.

जवळ कोणी नसेल तर पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टकडे ऑनलाइन सत्रे घेता येतात आणि अनेक त्रासांत ती प्रत्यक्ष भेटीइतकी उपयोगी ठरतात. अडचण नेटवर्कपेक्षा घराची असते: दोन खोल्यांच्या घरात तासभर मोकळेपणी बोलायला जागा नसते. आमच्या घरी त्यावर तोडगा निघाला तो मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा. मराठीतून सत्र मिळेल का हेही आधी ठरवून घ्यावे, कारण मनात उमटणारा विचार पकडणे हे या उपचाराचे मूळ काम आहे, आणि तो आपल्या मनात इंग्रजीतून उमटत नाही.

शुल्काविषयी एक सूचना. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. पण पुष्कळ पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीचा खर्च बसतो का हे कंपनीला लेखी विचारावे आणि चिठ्ठी, पावत्या व सत्रांच्या तारखा जपून ठेवाव्यात. नोकरीच्या ठिकाणी रजेसाठी कागद द्यायचा असेल तर त्यावर सविस्तर निदान लिहू नये अशी विनंती डॉक्टरांना करता येते. उपचाराविषयीची माहिती गुप्त ठेवणे हे त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे डॉक्टरांचे आणि थेरपिस्टचे कर्तव्य आहे. जीवाला धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत.

पहिल्या दोन सत्रांत थेरपिस्ट माहिती घेतात, चक्र मांडतात आणि काय साधायचे ते आपल्याबरोबर ठरवतात. बरे वाटण्याची घाई तिथे करू नये. पायऱ्यांची यादी सुरू झाल्यावर त्रास काही काळ वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके याच टप्प्यावर पुष्कळ लोक "सोसत नाही" म्हणून थांबतात. तसे वाटले तर सत्र चुकवण्याऐवजी ते तसेच्या तसे थेरपिस्टना सांगावे; पायरी लहान करता येते. सहाव्या सत्रानंतर दोन्ही प्रश्नावल्या पुन्हा भराव्यात. गुण खाली आले नसतील, घरचा अभ्यास करूनही सुटलेली कामे सुटलेलीच असतील, तर थेरपिस्टशी उघड बोलावे आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे परत जावे: निदान पुन्हा तपासायचे, औषध जोडायचे की थेरपिस्ट बदलायचे हे तिथे ठरते. गुण उतरले असतील तरी ही भेट चुकवू नये, कारण चालू गोळी कधी आणि किती कमी करायची हे डॉक्टरच सांगू शकतात. या भेटीला जाताना जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स, दोन्ही वेळचे गुण आणि थेरपिस्टनी दिलेले पत्र एकाच फायलीत लावून न्यावे. मूळ चिठ्ठी घरीच राहू द्यावी.